दाजींची चौकशी

११ जून

रागावलेल्या ताईला तिच्या भोपळ्याचा नमस्कार.

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहितोय, म्हणजे वाट बघणं आलं नाही. फोन बंद, बाकीचं सगळं बंद, पण टपाल अजून चालू आहे. दोन शेजारी देशांचं कितीही बिनसलं तरी टपाल सगळ्यात शेवटी बंद होतं, यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलंय. तेव्हा तुझ्या गप्प बसण्याचा दोष सरकारवर ढकलता येत नाही. तो राग तुझा स्वतःचा, घरचा आहे.

बातमी अशी की मला केंद्राचा प्रमुख केलं. ‘शेजारी देश अभ्यास केंद्र’ अशी पितळी पाटी आहे खाली. पाचव्या मजल्यावर खोली मिळाली. गालिचा आहे, पाहुण्यांसाठी वेगळा सोफा आहे आणि भिंतभर खिडकी आहे. ती उघडत नाही. मी कडी शोधत होतो तर शिपाई म्हणाला, “सर, ती बसवतानाच पक्की केलीय. आधीचे साहेबसुद्धा पहिल्या दिवशी असेच चाचपडत होते.”

तुझी भावजय म्हणाली, “अभिनंदन. आता निदान घरात भाजी संपली का असं विचारलं तर ‘याला दोन बाजू आहेत’ म्हणू नकोस.” बाबा असते तर साऱ्या गल्लीला सांगत सुटले असते, आणि हुद्दा चुकीचा सांगितला असता.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. बाबा गेले त्या आठवड्यात फोनवर म्हणालीसच: “शेजाऱ्यांच्या संबंधांवर एवढी जाडजूड पुस्तकं लिहिलीस, आणि सख्ख्या बहिणीला बापाचं तोंड बघायला एक शिक्का मिळवून देता आला नाही तुला.” त्यानंतर तुझा आवाज नाही. ताई, व्हिसा कचेरीत मी दिवस दिवस बसलो होतो. तिथल्या साहेबाच्या कपाटात माझं पुस्तक होतं. त्याने कौतुकाने त्यावर माझी सही घेतली आणि तुझा अर्ज परत दिला.

काल एक गृहस्थ भेटून गेले. कुठल्या खात्याचे ते स्पष्ट सांगितलं नाही, पण आवाज लोण्यासारखा, म्हणून मी त्यांना मनात मऊसाहेब म्हणतो. नव्या प्रमुखाची नेहमीची विचारपूस, म्हणाले. तुझा विषय निघाला. मी म्हटलं, बहीण तिकडे दिलीय, तीसेक वर्षं झाली, प्रत्येक अर्जावर तसं लिहीत आलोय. ते म्हणाले, “माहीत आहे ना. उलट चांगलंच आहे. तिकडे आपलं माणूस असलेलं बरं.”

तुझी बुटकी तिसऱ्याच देशात शिकायला गेली हे बाहेरून कळलं. माझा फोन तीही उचलत नाही. आईचीच लेक.

तुझा
भोपळ्या

२ ऑगस्ट

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सर्व कुशल असाल अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक.

दाजींची चौकशी करायची नेहमी राहून जाते. ते अजून रेल्वेतच आहेत ना? नदीवरच्या मोठ्या पुलाची देखभाल त्यांच्याकडेच आहे का? हल्ली तिथे काम निघालंय असं ऐकलं. कसलं काम आहे, किती महिने चालेल, दाजींना तिथेच मुक्काम करावा लागतो का? माणसं पुष्कळ लावली आहेत का? या वयात त्यांना दगदग होत असेल, म्हणून विचारतो.

सवडीने सविस्तर कळव.

तुझा भाऊ

२७ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर तुझ्या भावजयीने जिन्यातच ओळखलं आणि ती तिथूनच ओरडली. मी उभ्या उभ्या वाचलं. मग बसून वाचलं.

तू लिहितेस: “इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू यांची चौकशी केलीस. मी वाचून दाखवलं तर यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, ‘सांग त्याला. सगळं सांग.’” आणि तू खरंच सगळं सांगितलंस. खांब कोणते, लोखंड कुठून येतं, पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम, रात्रपाळी कुणाची.

ताई, एवढं लिहायची गरज नव्हती. दाजींना कामाचं बोलायला लावून शिणवू नकोस. त्यांच्या तब्येतीपुरतं लिहिलंस तरी मला पुरे. किंबहुना पुढचं पत्र लगेच नाही लिहिलंस तरी मी समजून घेईन. सावकाश.

तुझा
भोपळ्या

१५ सप्टेंबर

ताई,

हे पत्र टपालाने नाही. आमच्या केंद्रातल्या दुभाषी बाई परिषदेला निघाल्यात, नेमक्या बुटकीच्या शहरात. त्या ते तिच्या हातात देतील, आणि ती सुट्टीला घरी येताना तुझ्याकडे आणील. आतापर्यंतची माझी पत्रं तुझ्याआधी दुसऱ्यांनी वाचली आहेत. हे फक्त तुझ्यासाठी आहे.

ऑगस्टमधलं ते ‘सप्रेम नमस्कार’वालं पत्र माझ्या हाताने लिहिलेलं आहे, पण त्यातले प्रश्न माझे नाहीत. खाली मी ‘भोपळ्या’ लिहिलं नव्हतं. तेवढंच माझ्या हातात होतं.

मऊसाहेब जुलैत पुन्हा आले. सोफ्यावर बसले, चहा घेतला, बिस्कीट नको म्हणाले.

“तुम्ही बहिणीला फार छान लिहिता,” म्हणाले. वाचलंय हे लपवण्याचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही. “पण मेहुण्यांची कधी चौकशी करत नाही तुम्ही.”

“बहीणच बोलत नाही, तिथे मेहुणे कुठून बोलणार?”

“म्हणूनच करायची. पुरुषमाणूस कामाबद्दल विचारलं की खुलतो.”

मी म्हटलं, “साहेब, मी मास्तर माणूस. हेरगिरी माझं काम नाही.”

ते दुखावल्यासारखे झाले. “हेरगिरी कोण म्हणतंय? घरच्या माणसाची चौकशी करा म्हणतोय.”

आपल्या भाषेचीही कमाल आहे ताई. ख्यालीखुशाली विचारतात ती चौकशी आणि चौकीत बसवून विचारतात तीही चौकशी.

मी म्हटलं, मग मी पत्रच लिहीत नाही. त्यावर ते हसले. “असं करू नका हं. अचानक पत्रं थांबली की लोकांना वाटतं, काहीतरी झालं.” मग उठता उठता सांगितलं, माझा पासपोर्ट नूतनीकरणासाठी त्यांच्याकडे आहे, काळजी नसावी. आणि तुझी भावजय ज्या सरकारी इस्पितळात रुग्णांना व्यायाम शिकवते, तिथून बदल्या निघणार आहेत, पण तिचं नाव त्यांनी बाजूला काढून ठेवलंय.

राजीनामा द्यायचं मनात आलं. नियम काढून वाचला. प्रमुखाचा राजीनामा ‘सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने’ लागू होतो. सक्षम अधिकारी कोण हे तुला सांगायला नको.

मग मी लिहिलं. का लिहिलं, तर तुझ्या रागावर माझा पूर्ण भरवसा होता. दोन वर्षं जिने एका ओळीचं उत्तर दिलं नाही ती आता काय देणार? त्यांचंही समाधान होईल, तुझंही काही बिघडणार नाही. आणि तू नेमकी त्याच पत्राला विरघळलीस. बाबांबद्दल लिहिलं, आईच्या साड्यांबद्दल लिहिलं, माफीसुद्धा मागितली, तेव्हा नाही. कुणीतरी सांगून लिहून घेतलेल्या चार प्रश्नांना.

तुझं उत्तर माझ्याआधी त्यांच्या हातात पडलं. दुसऱ्या दिवशी मऊसाहेब त्याची प्रत घेऊन आले, काही ओळींखाली निळी रेघ. “बहीण लाखात एक आहे तुमची,” म्हणाले.

आता त्यांना माझ्याकडून टिपण हवंय. शेजाऱ्यांनी पूल रणगाड्यांसाठी भक्कम करायला घेतलाय, असा निष्कर्ष आणि खाली केंद्रप्रमुखाची सही. ते वर जाईल, मग टीव्हीवर जाईल. आणि तिकडच्या लोकांना बातमी कुठून फुटली हे शोधायला किती वेळ लागेल? पुलावर काम करणाऱ्या माणसाचा मेहुणा इकडे पितळी पाटीखाली बसलाय.

मी नाही म्हटलं तर उपप्रमुख आनंदाने सही करेल. खुर्चीचं माप तो केव्हाच घेऊन बसलाय. म्हणजे मी होय म्हटलं काय नि नाही म्हटलं काय, दाजी अडकतातच. इकडे आड तिकडे विहीर हे मी मुलांना शिकवत आलो, फळ्यावर बाण काढून काढून. आतून कसं दिसतं ते आता कळतंय. त्या खोलीत मला श्वास पुरत नाही. दार उघडं असतं, शिपाई सलाम करतो, बाहेर पडलं की गाडी उभी असते, आणि तरी पुरत नाही.

शेवटी घरी सगळं सांगितलं. तुझी भावजय कपड्यांच्या घड्या करत होती. ऐकून घेतलं, आणि म्हणाली, “माझ्या बदलीची धमकी तू मनातल्या मनात सोसत बसलास, त्याबद्दल नंतर भांडू. आधी मला सांग, आयुष्यभर त्या नदीशिवाय तुला दुसरं काही सुचलं नाही. आता संकटात तिचा काहीच उपयोग नाही?”

 ताई, माझा प्रबंध त्याच नदीवर होता. धरण आमच्याकडे, पूल तुमच्याकडे. पाणीवाटपाच्या करारात एक कलम आहे: खालच्या देशाने नदीत खांबांचं काम काढलं तर वरच्या देशाला आधी कळवायचं, म्हणजे वरून पाणी सोडायचं थांबतं, खालची माणसं वाहून जात नाहीत. दोन्हीकडून राजदूत परत बोलावले गेले तरी हे कलम कुणी मोडलेलं नाही. नदी आयोगाचं एक पत्रक निघतं, त्यात या सूचना छापतात. ते कुणालाही मिळतं. वाचणारे दोघंच असावेत, एक मी आणि दुसरा त्याची मुद्रितं तपासणारा.

सकाळी ग्रंथालयात जाऊन काढलं. गेल्या हिवाळ्यातच छापून आलंय. कोणते खांब, कोणते महिने, आणि कारणही: पुराने पायाखालची माती गेली. रणगाडा नाही की काही नाही, पूल खचू नये एवढंच. आमच्या पाटबंधारे खात्याने खाली ‘हरकत नाही’ असं उत्तरही दिलंय. दाजींनी तुला सांगितलं आणि तू मला लिहिलंस त्यातलं महत्त्वाचं सगळं दोन्ही सरकारांनी मिळून आधीच जाहीर केलेलं आहे.

तेव्हा मी टिपण लिहिणार नाही. लेख लिहिणार आहे, वर्तमानपत्रात, माझ्या नावाने, पत्रकाच्या उताऱ्यासकट. त्यांचं टिपण तयार होण्याआधी. गावभर दवंडी पिटलेली गोष्ट फोडल्याबद्दल कुणालाही दाजींना धरता येऊ नये, एवढाच माझा डाव आहे. तो चालेलच असं नाही. दाजींना बोलावलं तर त्यांनी शांतपणे पत्रकाकडे बोट दाखवावं.

आणि तू आता लिहू नकोस.

भोपळ्या

९ नोव्हेंबर

ताई,

दुभाषी बाई पुन्हा निघाल्यात. मधल्या फेरीत बुटकीकडून त्यांनी आणलेलं तुझं पत्र मिळालं. त्याबद्दल शेवटी लिहितो, आधी घडलं ते सांगतो, कारण तुला अर्धंच माहीत आहे.

लेख आतल्या पानावर आला, वधूवर जाहिरातींच्या शेजारी. मला वाटलं, कुणाच्या लक्षातही येणार नाही. दुपारपर्यंत फोन सुरू झाले. मऊसाहेब संध्याकाळी आले. आवाज तसाच. खोलीभर नजर फिरवून म्हणाले, “सर, काय केलंत हे? एवढी छान खिडकी होती.”

“ती उघडत नव्हती,” मी म्हटलं.

“उघडायला नव्हतीच दिली,” ते म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

पुढच्या आठवड्यात विरोधी पक्षाच्या एका बाईंनी सभागृहात ते पत्रक फडकावलं. रणगाड्यांचं टिपण तिथेच बारगळलं. मला टीव्हीवर ‘शेजाऱ्यांचा जावई’ म्हणाले. खरं तर मी मेहुणा. पण आरडाओरडा करताना नातं कोण नीट लावतो?

उपप्रमुखाला खुर्ची मिळाली. मला काढलं नाही, ताई. काढलं असतं तर मी मोकळा झालो असतो, हे त्यांनाही समजतं. तळमजल्यावर नकाशांच्या खोलीत बसवलंय. शिकवायचं नाही, छापायचं नाही, परिषदेला जायचं नाही, राजीनामा मंजूर नाही. पासपोर्ट ‘पुढील आदेशापर्यंत’ त्यांच्याकडे. जुने विद्यार्थी जिन्यात दिसले की मोबाइल काढून त्यात बघू लागतात. त्यांचा राग येत नाही, त्यांना नोकऱ्या हव्यात. तुझ्या भावजयीची बदली झाली. ती पहाटे निघते, दिवे लागल्यावर येते, आणि तू विचारण्याआधीच सांगतो, ते भांडण आम्ही अजून भांडलेलो नाही. तिला तेवढी ताकदच उरत नाही.

सगळा दिवस मी नकाशांच्या गुंडाळ्या झटकतो. त्यातल्या निम्म्या तुमच्या देशाच्या आहेत. तुझं गाव बोटाखाली येतं. मी जाऊ शकत नाही अशा जागेचे इतके बारकावे मला माहीत आहेत की हसू येतं.

आता तुझ्या पत्राबद्दल.

दाजींना नेलं होतं, दोन-तीन दिवस बसवून ठेवलं, पत्रक बघितल्यावर सोडलं, हे वाचलं. घरी आले ते ठीक. पण पुलावरून काढून त्यांना सामानाच्या कोठारात टाकलं. म्हणजे माझ्यासारखंच. तू त्यावर रागावली नाहीस. पुढे जे लिहिलंस ते मी किती वेळा वाचलं असेन:

“प्रश्न तुझे नव्हते, हे कळलं. यांना मी ते सांगितलेलं नाही. ते अजून आल्यागेल्याला सांगतात, मेहुण्याने माझी चौकशी केली. भोपळ्या, तू आम्हाला वाचवलंस असं बुटकी म्हणते. असेल. पण मी इतक्या दिवसांनी लिहायला बसले ती कुणाच्या प्रश्नावर, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुला स्वतःला आम्हाला काही विचारायचंय का? असेल तर सरळ टपालाने विचार. असा पदराआड लपवून आलेला कागद मला नको. मी काही चोरी केलेली नाही.”

तुझं बरोबर आहे. दुभाषी बाईंनाही मी यापुढे अडचणीत घालणार नाही. हे शेवटचं लपलेलं पत्र.

भोपळ्या

१ डिसेंबर

ताईला भोपळ्याचा नमस्कार. हे पाकीट उघडून वाचणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनाही नमस्कार. अक्षर वाईट आहे, पण मजकूर साधा आहे, फार त्रास होणार नाही.

मी येऊ शकत नाही. कधी येईन ते सांगू शकत नाही. हे सोडून जे विचारायचं ते विचारतो.

तू तिकडे गेलीस त्या पहिल्या वर्षी तुला बोलायला कुणी होतं का? तू सुट्टीत आलीस की मी फक्त माझ्यासाठी काय आणलं ते विचारायचो. तुझी सासू तुला काय म्हणून हाक मारायची? केस पांढरे झाल्यावर रंगवतेस की तसेच ठेवतेस? बुटकीचं कुणाशी जमलंय का, आणि असेल तर तू तिला काही बोललीस का? दाजींच्या देशात राहून तुला कधी वाटलं का, की हा आता माझाही आहे? हे अभ्यासासाठी विचारत नाही. अभ्यास त्यांनी माझ्याकडून काढून घेतलाय. मला जाणून घ्यायचंय.

यापुढचं दाजींना वाचून दाखव. किंवा नको, त्यांच्याच हातात दे.

दाजी, नमस्कार.

ऑगस्टमध्ये तुमची जी चौकशी केली ती माझी नव्हती. ताईने तुम्हाला हे सांगितलेलं नाही, मी सांगतोय. तुम्हाला वाईट वाटेल. पण तुम्ही ज्याला त्याला ते कौतुकाने सांगत राहावं आणि मी इकडे ऐकून गप्प राहावं, हे मला झेपत नाही.

आता माझी चौकशी. तुम्ही ताईला न्यायला आलात तेव्हा मी आतून कडी लावून घेतली होती. मी दहा वर्षांचा होतो. सगळे दारावर थापा मारत होते, बाबा शिव्या देत होते, तुम्ही एकटे पायरीवर बसून राहिलात. अंगात नवे कपडे, आणि तुम्ही अंगणात पडलेल्या माझ्या सायकलची उतरलेली साखळी बसवलीत. मी फटीतून बघत होतो. मग तुम्ही चाक फिरवून दाखवलंत, कुणाला तरी दाखवतात तसं. मी दार उघडलं ते त्यामुळे. ताईला वाटतं, बाबांच्या धाकाने उघडलं. तिला सांगा.

मला हे विचारायचं आहे: त्या वेळी तुम्ही माझ्यावर रागावला होतात का? आणि शर्टाला लागलेलं ते वंगण पुढे निघालं का?

घाई नाही. इकडे मला वेळच वेळ आहे, आणि तुम्हालाही आता असावा. सावकाश लिहा, सविस्तर लिहा. पुलाचं सोडून काहीही.

तुमचा मेहुणा
भोपळ्या